गरोदरपणात ॲस्पिरिन कशासाठी?

प्रश्न : पहिल्या खेपेला बीपी वाढल्याने आठव्या महिन्यातच सिझर करावं लागलं. आता तिसरा महिना संपत आलाय. डॉक्टरांनी रोज ॲस्पिरिन दिलंय. सासूबाई म्हणतात, रक्त पातळ होईल. घेऊ का?

उत्तर : घ्या, आणि पुढे ढकलू नका. वारेच्या रक्तवाहिन्या याच आठवड्यांत घडत असतात. सोळाव्या आठवड्यानंतर सुरू केलेल्या गोळीचा फायदा कमी होतो. 2017 च्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या गंभीर आजाराचा, जास्त धोका असलेल्या गर्भवतींना रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. सदतिसाव्या आठवड्याआधी प्रीएक्लॅम्पसिया झाला तो ॲस्पिरिन घेणाऱ्या 798 पैकी 13 जणींना. दुसऱ्या गटात 822 पैकी 35 जणींना. केवढा हा फरक! दिवस भरत आल्यावर होणारा प्रीएक्लॅम्पसिया मात्र कमी झाला नाही, म्हणून बीपी तपासणं शेवटपर्यंत चुकवायचं नाही.

सासूबाईंची काळजी रास्त आहे. म्हणूनच मात्रा कमी असते आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गोळी थांबवतात. दमा, अल्सर किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, तर पहिल्या गोळीआधीच डॉक्टरांना सांगा. प्रीएक्लॅम्पसियाची लक्षणं दिसली, म्हणजे डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.