हप्ता मशीनचा, चेहरा पेशंटचा

मिरज, ३ नोव्हेंबर

चि. अनघा,



नाशिकच्या दवाखान्यात फ्रॅक्शनल सीओटू लेसर बसवतेयस हे वाचून आनंद झाला. ओपन पोर्सच्या चौकशीचे फोन आत्तापासूनच येतायत म्हणतेस, तर येणारच. शेवटी तू विचारलंस की छिद्रांसाठी एनर्जी किती ठेवू आणि किती सिटिंगचं पॅकेज लावू. एनर्जीचं पुढे बोलते. पॅकेज मात्र लावूच नकोस. सहा सिटिंगचे पैसे आधी घेतलेस की दुसऱ्या सिटिंगला चेहरा काळवंडलेला दिसला तरी थांबणं तुला जड जाईल. मशीन कर्जावर घेतलंयस, दरमहा हप्ता जाणार, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तो हप्ता प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर उतरता कामा नये.

तुझ्याकडे ‘गालावर खड्डे पडलेत’ म्हणून जे येतील, त्यांतल्या निम्म्यांना तरी लेसर नको असेल, हे मी माझ्या ओपीडीच्या अनुभवावर सांगते. आधी चेहरा हातात घे. गालाची कातडी दोन बोटांनी ताण. ताणल्यावर जे जवळपास दिसेनासं होतं ते वेगळं, आणि ताणूनही खोल, अरुंद भोक तसंच राहतं ते वेगळं. हे दुसरं म्हणजे मुरमांचा आइसपिक व्रण. त्यावर पूर्ण चेहऱ्याचं लेसर फिरवून फारसं हाती लागत नाही. तिथं काडीच्या टोकाने एकेका व्रणात टीसीए या आम्लाचं जहाल द्रावण टेकवायचं, ती क्रॉस पद्धत तुला शिकवली आहे. आणि नाकावरचे ते करडे ठिपके, ज्यांना सगळे ब्लॅकहेड म्हणतात, ते बहुतेकदा तेलग्रंथीचे साधे तंतू असतात. चिकटपट्टी लावून उपटले तर महिन्याभरात पुन्हा भरतात. ते असणं हा आजार नाही.

खऱ्या रुंद छिद्रांमागची कारणंही सगळ्यांची सारखी नसतात. विशी-पंचविशीतल्या मुलीचं नाक आणि नाकालगतचा गाल तेलाने चमकत असतो. तिथं ग्रंथी जोरात चालू आहेत आणि तोंडाशी मळ अडकतो आहे. चाळिशीतल्या बाईची छिद्रं लांबट, थेंबासारखी खाली ओघळलेली दिसतात. तिथं तेल कमीच असतं, छिद्राभोवतीचा कोलॅजेनचा आधार उन्हाने आणि वयाने सैल झालेला असतो. लेसरचा उपयोग या दुसरीला जास्त. पहिलीला रात्री अ‍ॅडापलीन, सकाळी सनस्क्रीन, आठवड्यातून काही वेळा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, आणि तीन महिने धीर. हे सगळं मिळून लेसरच्या एका सिटिंगपेक्षा स्वस्त पडतं, म्हणूनच ते कुणाला खरं वाटत नाही. मुरूम फार असतील तर आयसोट्रेटिनॉइन द्यावं लागेल. पण ते चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीला हे आईसमोर नाही, एकटीला बसवून सांग.

पार्लरमध्ये वाफ देऊन छिद्रं ‘उघडतात’ आणि बर्फ लावून ‘मिटतात’, हे प्रत्येकजण तुला ऐकवेल. छिद्राला उघडमीट करणारा स्नायूच नसतो. वाफेने आतला मळ मऊ होतो, बर्फाने घटकाभर कातडी आखडते. यावर वाद घालत बसू नकोस, एका वाक्यात सांगून पुढे जा.

लेसरआधी पेशंटकडची ट्यूब मागवून बघायची सवय मात्र कधी सोडू नकोस. ‘काही लावत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटच्या पर्समध्ये गोरं होण्याचं क्रीम निघतं, आणि त्यात स्टिरॉइड असतं. मेडिकलवाल्याने दिलेलं, मैत्रिणीने सुचवलेलं, वर्षानुवर्षं चोळलेलं. 2018 मध्ये सरकारने ही स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर काय चालतं ते तू नाशिकमध्ये बघतेच आहेस. असा चेहरा पातळ, लालसर, बारीक शिरा दिसणारा असतो. ऊन लागलं की आग होते. त्यावर लेसर चालवणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. आधी ते क्रीम सोडव, कातडी सावरू दे, मग बोलू. याच वेळी ओठांवर हर्पिसच्या पुटकुळ्या वारंवार येतात का, जखमेचे व्रण फुगतात का, हेही विचारून घे. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर विषाणूविरोधी गोळी आधीपासून सुरू करावी लागते.

आता मशीनचं. कंपनीचा माणूस तुला स्क्रीनवरचे प्रीसेट दाखवून जाईल. ते प्रीसेट बहुतेकदा गोऱ्या कातडीवर बसवलेले असतात. फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने 1975 मध्ये त्वचेचे प्रकार मांडले तेव्हाही त्याच्यासमोर गोरी कातडीच होती, आपले सावळे-काळे प्रकार मागाहून जोडले गेले. आपल्याकडचा पेशंट साधारण चौथ्या-पाचव्या प्रकारातला. तिथं भाजण्यापेक्षा जास्त धाक काळवंडण्याचा. सीओटूची लहर 10,600 नॅनोमीटरची. ती मेलॅनिनला नव्हे, पाण्याला धरते. त्यामुळे ‘रंगाला धोका नाही’ असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. भाजल्यानंतर जो दाह होतो त्याने आपल्या रंगपेशी चिडतात, आणि डाग कित्येक महिने हटत नाही.

पूर्वी सीओटूने चेहऱ्याचा वरचा थर सरसकट जाळत. अँडरसन आणि पॅरिश या डॉक्टरांनी 1983 मध्ये लेसरने नेमकं लक्ष्य कसं गाठावं याचा सिद्धान्त मांडला, आणि 2004 मध्ये अँडरसनच्याच सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनलची कल्पना आणली. भातलावणीत दोन रोपांत जागा सोडतात तशी जखमेच्या दोन बारीक खांबांमध्ये निरोगी कातडी राखून ठेवायची. भरून येतं ते या राखलेल्या कातडीमुळेच. आपल्या पेशंटमध्ये घात करते ती बहुधा घनता. म्हणून एनर्जी वाढून प्रत्येक खांब थोडा खोल गेला तरी चालेल, पण खांब विरळ ठेव. एकाच जागी पुन्हा पुन्हा हात फिरवू नकोस. आणि सुरुवातीला प्रत्येकीच्या जबड्याखाली लहानसा टेस्ट पॅच देऊन चार-सहा आठवडे वाट बघ. पेशंट नाराज होईल, होऊ दे.

छिद्र लेसरने नाहीसं होत नाही. ते तेल बाहेर यायची वाट आहे, ती बुजली तर मुरूम उठतील. होतं ते इतकंच की भोवतीचा आधार घट्ट होऊन तोंड अरुंद दिसू लागतं, काहींत बऱ्यापैकी, काहींत जेमतेम. नवं कोलॅजेन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. गंमत अशी की सिटिंगनंतर आठवड्याभरात चेहरा एकदम गुळगुळीत दिसतो, कारण तो सुजलेला असतो. जाहिरातींतले कितीतरी ‘नंतर’चे फोटो याच आठवड्यातले असतात. तू फोटो एकाच दिव्याखाली, एकाच खुर्चीवर, चेहरा धुऊन काढ, आणि ‘नंतर’चा फोटो तीन महिने झाल्याशिवाय कुणाला दाखवू नकोस. स्वतःलाही.

कार्बनचा लेप लावून त्यावर लेसर मारतात त्या कार्बन पीलबद्दल विचारलं नाहीस, पण विचारशील. समारंभाच्या आदल्या आठवड्यात चेहरा चकाकतो, तेल काही दिवस कमी होतं, बस्स. छिद्रांवरचा उपचार म्हणून ते विकणं मला पटत नाही.

लग्नसराई येतेच आहे. तीन आठवड्यांवर लग्न असलेली नवरी मुलगी आईला घेऊन येईल आणि ‘कितीही खर्च होऊ दे’ म्हणेल. तिला लेसर करायचं नाही. खपल्या जायला आठवडाभर, लाली उतरायला आणखी, आणि डाग पडलाच तर लग्नाच्या फोटोत कायमचा. त्यात हळदीच्या दिवशी घरच्या बायका चेहऱ्यावर हळद आणि डाळीचं पीठ चोळणार. कुठे कुठे त्यात लिंबूही पिळतात. तिला नाही म्हणायचं, मेकअपवालीचं कौतुक करायचं आणि निवांत झाल्यावर ये म्हणायचं. निफाड-दिंडोरीहून येणाऱ्या, द्राक्षबागेत दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईलाही छाटणीच्या हंगामात नको. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधणाऱ्या मुली म्हणतील की आम्हाला ऊन लागतच नाही. त्यांना सांग की स्कार्फ हवाच, पण सैल आणि सुती, ताज्या कातडीवर घासणारा नको, आणि आत सनस्क्रीन हवंच. दोन बोटं भरून, दर तीन तासांनी.

आणखी एक पेशंट येईल. तिच्या चेहऱ्यावर तुला काहीच दिसणार नाही. तिच्याकडे मात्र दहापट मोठं दाखवणारा आरसा असतो, आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून नाकापाशी धरून काढलेले फोटो. फोटो झूम करून ती तुला दाखवेल. इतरांना दिसतं ते हातभर अंतरावरून, हे तिला सांगून बघ. समजलं तर उत्तम. नाही समजलं, ती तीन डॉक्टर फिरून आलेली असली, आरशापायी ऑफिसला जाणं टाळत असली, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं धाडस कर. तुझ्या लेसरने तिचं समाधान कधीच होणार नाही, आणि दोष मशीनवर येईल.

हँडपीस स्वतः धर. असिस्टंट कितीही हुशार असली तरी तिच्या हातात देऊ नकोस. पेशंटच्या डोळ्यांवर धातूची शील्ड, तुमच्या डोळ्यांवर त्या लहरीसाठीचा चष्मा. बधिर करणारं क्रीम घरून लावून यायला सांगू नकोस. तोंडभर जाड थर देऊन ते तासन् तास ठेवणारे पेशंट असतात, आणि त्यातलं लिडोकेन फार प्रमाणात अंगात गेलं तर झटके येऊ शकतात. धूर ओढणारं यंत्र मशीनबरोबरच घे, नंतर घेऊ म्हणालीस तर कधीच घेतलं जाणार नाही. तो जळक्या कातडीचा धूर तुझ्याच फुप्फुसात जायचा आहे, दिवसातून चार-पाच वेळा.

सिटिंगमागे पैसे घे, पावती दे, आणि दोन सिटिंगमध्ये महिन्याहून कमी अंतर ठेवू नकोस. दर इतरांपेक्षा कमी ठेवायची गरज नाही. तू जे करणार नाहीस त्यामुळे तुझी ओळख आपोआप होईल, आणि वर्षभर जरा ओढाताण होईल, तेही खरं.

दवाखान्याच्या बोर्डाचा मजकूर छापायला टाकण्याआधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ‘छिद्रे कायमची बंद’ असं कुठेही असेल तर मी खोडणार आहे.

तुझी,
मॅडम