खड्डा नसलेली खाण

खाण म्हटली की आपल्याला सुरजागडचा कापलेला डोंगर किंवा घुग्घुसचा खड्डा आठवतो. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म असतो. त्याच्या कणांमधील फटींत पाणी साठते आणि विहिरींना तेच मिळते. खाण कोरडी राहावी म्हणून ते पंपाने उपसले की भोवतालच्या विहिरी खोल जातात. हे नुकसान निदान दोर अपुरा पडला की कळते!

युरेनियम काढण्याची एक रीत मात्र खड्ड्याविना चालते. पाणी धरणाऱ्या सच्छिद्र वालुकाश्मातच नळ्यांतून आम्ल किंवा सोडामिश्रित पाणी सोडतात. त्यात विरघळलेले युरेनियम दुसऱ्या नळ्यांनी वर येते. म्हणजे येथे भूजल हेच खाणीचे हत्यार! भारतात ही रीत वापरात नाही. जादुगोड्याची खाण भूमिगत आहे. पण आजच्या चेक प्रजासत्ताकातील स्त्राझ येथे १९६७ ते १९९६ या काळात सुमारे ४० लाख टन गंधकाम्ल भूगर्भात सोडले गेले. युरेनियम वर आले, आम्ल खालीच राहिले आणि पाण्याबरोबर पसरले. वरून पाहणाऱ्याला मात्र जमीन शाबूत दिसते. आम्ल सोडणे थांबून पाव शतक उलटले, तरी ते पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम तेथे चालूच आहे.