उन्हाळी चित्रकला-वर्ग : निवड आणि प्रवेश

मार्च महिन्यात दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या रामदासपेठेतील विजेच्या खांबांना आणि कुंपणांच्या भिंतींना एकाएकी पालवी फुटते. ही पालवी कागदाची असते. ‘उन्हाळी वर्ग’, ‘प्रवेश सुरू’, ‘मोजक्याच जागा’, ‘निकालाची हमी’! पंचशील चौकातून लेंड्रा पार्ककडे चालत निघावे, तर इंग्रजी संभाषणापासून संगणकापर्यंत सर्व विद्या वाटेतच भेटतात. त्यांत अलीकडे चित्रकलेच्या वर्गांचे फलक वाढले आहेत. कारण उघड आहे. कलामहाविद्यालय असो वा डिझाइनची संस्था, प्रवेशपरीक्षा चुकत नाही. आणि शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून एखाददुसरा, तोही पुष्कळदा गणिताच्या सरांनी मागून घेतलेला. उरते ती उन्हाळ्याची सुट्टी.

असा वर्ग निवडावा कसा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी चित्रकार नव्हे. आपल्या महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी. मग हा अधिकार मला कोणी दिला, असे वाचक विचारतील. अधिकार एवढाच, की सुमारे तीन वर्षांपूर्वी मी असा एक वर्ग चुकीचा निवडला, आणि गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीसाठी वर्ग शोधण्याचे काम घरच्यांनी माझ्यावरच सोपवले. ज्याला ठेच लागली त्यालाच दगडाची जागा पक्की ठाऊक असते!

आधी माझी ठेच सांगते. अकरावीनंतरच्या सुट्टीत मी एका वर्गात नाव घातले. वर्ग घराजवळ होता, हॉल थंडगार होता, दाराशी निवड झालेल्या मुलांची छायाचित्रे होती. एवढ्यावर आम्ही भुललो. दोन महिन्यांचे शुल्क बाबांच्या अर्ध्या पगाराएवढे होते. तेथे आम्हाला स्मरणचित्रासाठी तीन दृश्ये पाठ करून घेतली : बाजार, जत्रा आणि पावसातला रस्ता. सर फळ्यावर काढीत आणि आम्ही चाळीस जण उतरवून घेत असू. पावसाच्या चित्रात डावीकडे छत्रीवाली बाई आणि उजवीकडे हातगाडी. चाळीस कागदांवर चाळीस छत्र्या, सगळ्या डावीकडेच! मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट आपली छत्री सरांच्या छत्रीसारखी आली याचा आनंदच वाटे.

प्रवेशपरीक्षेत जो विषय आला त्यात ना बाजार होता, ना जत्रा, ना पाऊस. मी तरीही ती छत्रीवाली बाई त्यात घुसवण्याचा प्रयत्न केला. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. बाबा एवढेच म्हणाले, “बी. ए. कर. वाचनाची आवड आहेच तुला.” त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. दोष सगळा वर्गाचा होता असे मी म्हणत नाही. मी विचारायला हवे होते ते विचारले नाही, पाहायला हवे होते ते पाहिले नाही.

असो. गेल्या वर्षी धाकटीची दहावी झाली आणि तिने चित्रकलेचा ध्यास घेतला. “ताई, तू म्हणशील त्या वर्गाला जाईन,” असे ती म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बाबा पुन्हा तेवढे पैसे उभे करतील. पण पुन्हा तीच चूक झाली तर ‘आपल्या घरात हे जमणारे नाही’ असा शिक्का बसेल, हे मला दिसत होते.

आम्ही पहिले काम केले ते वाट ठरवण्याचे. पुष्कळ फलकांवर ‘बी.एफ.ए., डिझाइन, आर्किटेक्चर, सर्वांची तयारी’ असे एका ओळीत लिहिलेले असते. वस्तुतः या वाटा निराळ्या आहेत. महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी, म्हणजे बारावीनंतरच्या चार वर्षांच्या कला-पदवीसाठी, राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे विषय येतात. आय.आय.टी. मुंबईकडून २०१५ पासून घेतली जाणारी ‘यूसीड’ ही डिझाइनची परीक्षा; तीत निरीक्षण, आकारांची कल्पना आणि तर्क यांवरचे प्रश्न संगणकावर सोडवावे लागतात, आणि हाताने चित्र काढण्याचा भाग वेगळा असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा आणखी स्वतंत्र. वास्तुशास्त्रासाठी २००६ पासून ‘नाटा’ आहे. जो वर्ग या सर्वांना एकाच बाकावर बसवून एकच पाठ देतो, तो कोणालाच नीट काही देत नाही. आणखी एक गोष्ट : नियम आणि तारखा बदलत असतात, त्या फलकावरून नव्हे, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकावरून पाहाव्यात.

आपल्याकडची खरी जुनी शिडी म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. राज्याचे कला संचालनालय त्या घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांतील विषय आपल्यापैकी अनेकांनी शाळेत केले असतील. आज पुष्कळ पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना या परीक्षांना बसवतात. पण तेच विषय पुढे प्रवेशपरीक्षेत भेटतात, हे लक्षात घेतले तर दहावीच्या आधीच्या सुट्ट्याही वाया जात नाहीत.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, काही कलाविद्यालये शाळकरी मुलांना उन्हाळ्यात स्वतःच आपल्या कार्यशाळांत बोलावतात. १८७७ साली स्थापन झालेल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचा असा उन्हाळी अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे. तेथील खर्च आपल्याला झेपणारा नाही; पण त्यामागचा विचार घेण्याजोगा आहे. हा मार्ग आपल्याला मानवेल का, दिवसच्या दिवस एका मडक्यासमोर बसणे आवडेल का, हे मुलाला पदवीला जाण्यापूर्वी कळते. उन्हाळी वर्गाचे हे अर्धे काम आपण विसरतो. ‘हे माझे नव्हे’ असे दोन महिन्यांत कळले, तर तोही मोठा लाभच आहे.

आता कसोट्यांकडे वळते. आम्ही दोघी एकूण पाच वर्ग हिंडलो. त्यातून मला सापडलेली पहिली आणि सर्वांत मोठी कसोटी अशी : दाराशी लावलेली छायाचित्रे पाहू नका, आतल्या भिंतीवरची चित्रे पाहा. ती सगळी एकसारखी असतील, तर तेथे एकच हात चित्र काढतो आहे, आणि तो मुलांचा नाही. एका वर्गात प्रत्येक निसर्गचित्रात तोच डोंगर होता. धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले. आम्ही चपला घातल्या.

दुसरी कसोटी उजेडाची. वस्तुचित्रात छायाप्रकाश शिकायचा, तर वस्तूवर एका बाजूने उजेड हवा. छतावर आठ ट्यूबलाइट लावलेल्या हॉलमध्ये एका वस्तूच्या आठ फिकट सावल्या पडतात आणि खरी एकही दिसत नाही. मग मुले पाठ केलेली सावली काढतात. एक खिडकी असलेली साधी खोली या कामी थंडगार हॉलपेक्षा बरी.

तिसरी कसोटी आपल्या नागपूरची खास. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जलरंगाचा सपाट थर ओढायला घ्यावा, तो अर्ध्यावरच वाळतो आणि मध्ये कड उमटते. कूलरच्या झोतापुढे बसले तर कागद एका अंगाने आधी सुकतो. तेव्हा वर्गाची वेळ विचारावी. सकाळी साडेसहा-सातला सुरू होणारा वर्ग बाराच्या वर्गापेक्षा रंगकामाला केव्हाही चांगला. आणि भर दुपारी मुलीला उन्हातून यावे लागत नाही, हा आईच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ.

चौथी कसोटी शिक्षकाच्या हाताची. वर्ग चालू असताना तासभर मागे बसू द्या, अशी विनंती करावी. नाही म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. बसल्यावर एवढेच पाहावे : शिक्षक चूक दाखवताना मुलाच्या कागदावर स्वतः पेन्सिल चालवतात, की मुलाला पुन्हा वस्तूकडे पाहायला लावतात?

हे मला कळले ते पाचव्या ठिकाणी. रामदासपेठेतच, एका जुन्या घराच्या ओसरीवर, शाळेतून निवृत्त झालेले एक चित्रकला शिक्षक दहा-बारा मुले घेऊन बसतात. फलक नाही. भिंतीवरची चित्रे एकमेकांशी मुळीच न जुळणारी. काही तर चक्क वाईट होती. धाकटीला त्यांनी स्टुलावरचा पितळी लोटा काढायला सांगितला. तिने तोंडाची गोलाई छान काढली आणि बुडाला सरळ रेघ ओढली.

“बुड सरळ कसं काढलं, बाई?”

“लोटा सरळ टेकला आहे ना, सर.”

ते हसले. त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही. लोटा उचलून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर फळीवर ठेवला; लोट्याच्या तोंडाची नुसती रेघ झाली. मग तो हळूहळू खाली आणला. ती रेघ उघडत उघडत लंबवर्तुळ झाली. जितके खाली, तितके अधिक गोल. “आता सांग, तोंड वर आहे का बुड?” धाकटी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “बुड खाली आहे, म्हणजे ते तोंडापेक्षा जास्त गोल दिसणार.” सर म्हणाले, “चित्र हातानं नाही, डोळ्यानं काढायचं असते. हात नुसता हमाल.”

माझ्या दोन महिन्यांत मला हे एकदाही कोणी दाखवले नव्हते, आणि मीही कधी लोट्याकडे पाहिले नव्हते. फळ्याकडे पाहात होते.

प्रवेश घेताना आम्ही काही गोष्टी मोकळेपणाने विचारल्या. त्या सर्वांनीच विचाराव्यात. शुल्क दोन हप्त्यांत चालेल का, पावती मिळेल का, आजारपणाने वर्ग सोडावा लागला तर काय, सामान किती आणि कोणते. सरांची सामानाची यादी पाच ओळींची होती : एक ड्रॉइंग बोर्ड, एच.बी. ते सहा बी पेन्सिली, साधे कागद, एक वही, आणि रंग पंधरा दिवसांनंतर. महागडी रंगपेटी पहिल्याच दिवशी आणायला लावणाऱ्यापासून सावध राहावे. गेल्या वर्षीच्या मुलांना जरूर भेटावे. ज्यांची निवड झाली त्यांना, आणि त्याहून आधी, ज्यांची झाली नाही त्यांना.

वर्ग सुरू झाल्यावर सरांनी रविवारची कामगिरी दिली ती सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्याची, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयाची. पेंढा भरलेले प्राणी हलत नाहीत, तेव्हा नवशिक्याला त्यांच्यासारखा मॉडेल नाही! तेथून पुढे सीताबर्डीचा बाजार : भाजीवालीचे वाकणे, ओझ्याने कलणारा खांदा, उभ्या माणसाचा भार कोणत्या पायावर आहे ते. स्मरणचित्र पाठ करायचे नसते, साठवायचे असते, हे मला बहिणीच्या वहीवरून कळले. ज्यांना कोणत्याच वर्गाचे शुल्क झेपत नाही, त्यांनाही वही, पेन्सिल आणि बाजार अडवत नाही.

याच नागपुरात १९३९ साली एक मुलगा मध्य प्रांतातल्या जंगलभागातून चित्रकला शिकायला आला होता. तो येथील नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये १९४३ पर्यंत शिकला आणि मग मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेला. त्याचे नाव सय्यद हैदर रझा. लहानपणी शाळेत मन स्थिर राहत नसे, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहात बसायला सांगितले, ही आठवण रझा सांगत असत. तो ठिपका पुढे ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांत आला. गुरुजींनी चित्र शिकवले नाही, पाहायला बसवले.

धाकटी आता अकरावीत आहे. तिची प्रवेशपरीक्षा अजून दीड वर्ष दूर आहे, आणि निकालाची हमी तिला कोणी दिलेली नाही. दिवाळीत तिने आरामखुर्चीत झोपलेल्या बाबांचे चित्र काढले. बाबा ते बराच वेळ पाहात राहिले आणि म्हणाले, “माझा डावा खांदा उतरता आहे?” स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “पंचवीस वर्षांपासून आहे.” बाबांनी शुल्काचा दुसरा हप्ता कसा जमवला होता, हे आम्हाला अजून माहीत नाही, पण त्या दिवशी तो वसूल झाल्यासारखा त्यांचा चेहरा दिसला.

वार्षिकाचा हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षांचे दिवस जवळ आलेले असतील, आणि खांबांना पुन्हा कागदाची पालवी फुटेल. आपल्या घरात, शेजारात एखादे मूल चित्रांसाठी हट्ट धरून बसले असेल, तर त्याला हसू नका, आणि घाईने पैसेही भरू नका. त्याचे बोट धरून आत जा, भिंतीकडे पाहा, आणि चाळीस छत्र्या एकाच बाजूला दिसल्या तर चपला घाला.