कराकुली टोपी आणि फरचा माल : पारख व निगा

फर म्हटली की थंड मुलखातले कोट डोळ्यांसमोर येतात. आपल्या दुकानदार बंधूंच्या हाती मात्र फर येते ती बहुधा टोपीच्या रूपाने. निकाहच्या शेरवानीबरोबर किंवा काश्मीरची भेट म्हणून कराकुली टोपीला आजही मागणी असते. तिची किंमत कापडी टोपीच्या कित्येक पट असते, त्यामुळे फसवणुकीलाही तेवढाच वाव आहे.

कराकुल ही मेंढीची जात आहे. उझबेकिस्तानातील बुखाऱ्याजवळच्या कराकुल गावावरून तिला हे नाव पडले. अफगाणिस्तान आणि नामिबियातही ती पाळली जाते. कोकरू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे कातडे काढतात, कारण पुढे केसांची वळी सुटत जातात व लकाकी कमी होते. व्यापारात काळ्या रंगाला अरबी, करड्याला शिराझी, तपकिरीला कंबर आणि सोनेरी झाक असलेल्याला सूर म्हणतात. कराकुलचा नावाचा, चपट्या लहरींचा एक प्रकार येतो. तो न जन्मलेल्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या कोकराचा असतो. नफा कितीही मिळो, तो माल मी दुकानात ठेवत नाही. गिऱ्हाईकाने विचारले तर कारणही सांगतो.

पारख करताना वरची चमक पाहू नका, मूळ पाहा. केस बोटांनी बाजूला करावेत. खाली कातडे दिसले तर माल अस्सल, कापडाची वीण दिसली तर नकली. लोकरीच्या धाग्याला वळ्या देऊन विणलेले अस्त्राखान नावाचे कापडही मिळते. माल म्हणून ते वाईट नाही, पण ते कराकुलीच्या भावाने विकणे ही सरळ दगाबाजी आहे. शंका राहिली तर शिवणीच्या आतले दोन केस घेऊन जाळावेत. जनावराच्या केसाला जळक्या केसांचाच वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. लांब केसांच्या फरमध्ये टोकही पाहावे : जनावराचा केस टोकाला निमुळता होत जातो, कारखान्यातला बहुधा बोथट कापलेला असतो.

अस्सल ठरल्यावरही काम संपत नाही. कातडे हलके वाकवून पाहा. कागदासारखा कुरकुर आवाज आला तर ते सुकलेले आहे, आज ना उद्या फाटणार. केस हळूच ओढा. चिमटीत केस आले तर कमावणी कच्ची आहे किंवा माल जुना. पांढरा ओला रुमाल घासून रंग सुटतो का तेही बघावे. वळी घट्ट व सारख्या असाव्यात आणि जोडावर त्यांचा मेळ बसलेला असावा.

कोट, गळपट्टे विकणाऱ्यांनी कायद्याकडे डोळेझाक करू नये. सशाची किंवा मेंढीची फर वेगळी आणि बिबट्या, पाणमांजर यांचे कातडे वेगळे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा १९८६ च्या दुरुस्तीने व्यापाराच्या बाबतीत फार कडक झाला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आहे. “आजोबांच्या काळचे आहे” असे सांगत कोणी असे कातडे विकायला आणले तर हातही लावू नका. मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या कच्च्या कातड्यांची आयात केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंद केली, हेही ध्यानात असू द्या.

आता निगा. फर खराब होते ती थंडीत वापरून नव्हे, तर आपल्याकडच्या दमट हवेत पेटीत पडून. प्लास्टिकच्या पिशवीत ती कधीही बंद करून ठेवू नका; कातड्याला हवा लागते. टोपी सुती कापडात सैल गुंडाळावी, कोट रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा आणि शेजारी दाटी करू नये. पावसाने भिजली तर झटकून सावलीत वाळवावी. ऊन, शेगडी, इस्त्री किंवा केस वाळवायचे यंत्र लावले की कातडे आखडलेच समजा. धुणे नाही, साधे ड्रायक्लीनही नाही. जाणकार कारागीर लाकडाच्या भुशात घोळवून फर साफ करतात.

कसर लागते ती घामट, मळक्या जागी. म्हणून ठेवण्याआधी टोपीचे अस्तर तपासावे, तेलकट झाले असेल तर बदलून घ्यावे. डांबराच्या गोळ्या केसांना टेकवू नयेत, त्यांचा वासही सहजी जात नाही. कसरीची शंका आली तर थोड्या वेळापुरता प्लास्टिकचा नियम मोडावा लागतो : टोपी हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. एक दिवस तशीच राहू द्यावी, नाहीतर दव धरून कातडे ओले होते. मग मऊ ब्रशने मेलेल्या अळ्या व अंडी झाडून टाकावीत.