लेथवरचा पहिला ओळंबा

पुणे-नगर रस्त्यावरचे सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव आज तेथील औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. अशा वसाहतीजवळच्या एखाद्या लहान वर्कशॉपच्या दारात थोडा वेळ उभे राहिलात, तर फिरणाऱ्या गजातून पोलादाचा निळसर कीस वेटोळे घेत सुटताना दिसेल. हे काम करणाऱ्या यंत्राला मराठी पुस्तकांत कातयंत्र म्हणतात. वर्कशॉपमध्ये मात्र सगळे लेथच म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू. टेबलावर मावणारा, सुमारे ४० किलो वजनाचा लहान लेथ आता छंद म्हणून घरी किंवा शाळेच्या कार्यशाळेत ठेवता येतो. त्यावर पहिले काम कोणते करावे, आणि ते करताना पदार्थविज्ञान कोठे कोठे भेटते, ते पाहू.

कातण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी कातूनच तयार होतात. लाकूड फिरते आणि कातारी पटाशीसारखे हत्यार हातात धरून त्यावर टेकवतो. लाकडाला हाताची पकड पुरते, पोलादाला पुरत नाही. हत्यार किंचित हलले तरी व्यास बदलतो. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने हत्यार हातातून काढून स्क्रूने सरकणाऱ्या भक्कम स्लाइडवर बसवले आणि धातूच्या कामात नेमकेपणा आणला. आपल्याकडे १९४१ साली हरिहर येथे स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे लेथ फार गाजले. तो कारखाना आज चालू नाही, पण त्याचे लेथ अजून अनेक वर्कशॉपमध्ये काम करताना दिसतात.

लेथचे भाग थोडक्यात असे : डावीकडे हेडस्टॉक, त्यावर जॉब पकडणारा चक, उजवीकडे टेलस्टॉक, दोहोंना जोडणारा बेड, आणि बेडवर सरकणारे, टूल धरणारे कॅरेज. क्रॉस स्लाइडने टूल जॉबमध्ये आत-बाहेर जाते. येथे नवशिक्याचा पहिला गोंधळ होतो. क्रॉस स्लाइड ०.१ मिमी आत नेली की त्रिज्या ०.१ मिमीने घटते, म्हणजे व्यास ०.२ मिमीने घटतो. काही लेथच्या डायलवर सरळ व्यासातील फरकच कोरलेला असतो. आपला लेथ कोणत्या जातीचा, हे कीस काढण्यापूर्वी व्हर्नियरने तपासून घ्यावे.

आता वेग. यंत्र मिनिटाला किती फेरे घेते यापेक्षा टूलसमोरून धातू किती वेगाने सरकतो, हे महत्त्वाचे. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधे पोलाद मिनिटाला सुमारे २५ मीटर वेगाने कापावे. २५ मिमी व्यासाच्या गजाचा परीघ ७८.५ मिमी. २५,००० भागिले ७८.५ म्हणजे मिनिटाला सुमारे ३२० फेरे. गज १२ मिमीचा असेल तर फेरे दुपटीच्या वर न्यावे लागतील. पितळ याहून दुप्पट वेग सहज सोसते. पण सुरुवातीला हिशेबाने येतात त्याच्या निम्मेच फेरे ठेवावेत. टूल टिकते आणि विचार करायला वेळ मिळतो.

सर्वांत जास्त फसवतो तो जॉबचा लवचिकपणा. पोलाद आपल्याला ताठ वाटते खरे, पण चकमधून बाहेर आलेला गज म्हणजे एका टोकाला घट्ट धरलेली तुळईच. बल तेवढेच ठेवून लांबी दुप्पट केली तर तिचा झोल आठपट होतो, आणि व्यास निम्मा केला तर सोळापट! समजा, १० मिमी जाडीचा गज चकबाहेर १०० मिमी आहे आणि टूल त्याच्या टोकाला ५ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने बाजूला ढकलत आहे. गणित केले तर टोक सुमारे ०.१७ मिमी वाकते. तोच गज ५० मिमी बाहेर ठेवला तर जेमतेम ०.०२ मिमी. लांब गज चकजवळ बारीक आणि मोकळ्या टोकाला जाड का निघतो, ते आता कळेल. म्हणून जॉब आणि टूल दोन्ही शक्य तितके आखूड बाहेर काढावेत. लांबी हवीच असेल तर टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्यावा.

मोटार सुरू करण्यापूर्वी आणखी एक हिशेब. ८० मिमी व्यासाचा चक मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे घेत आहे. धोका दिसल्यापासून हात हलू लागेपर्यंत पाचेक दशांश नव्हे, पण निदान ०.२ सेकंद तरी जातातच. तेवढ्यात चक दोन फेरे घेतो आणि अर्धा मीटर कापड गुंडाळून घेतो! म्हणून लांब बाही, ओढणी, मोकळी वेणी, अंगठी, मनगटातला दोरा यांपैकी काहीही अंगावर नको. हातमोजेही नकोत, ते पकडले गेले तर हात सोबत जातो. चकची चावी चकमध्ये विसरली तर मोटार सुरू होताच ती गोळीसारखी उडते, तेव्हा चावीवरचा हात ती काढल्याशिवाय सोडायचाच नाही. डोळ्यांवर चष्मा हवा. कीस हाताने ओढू नये, यंत्र थांबवून आकड्याने काढावा. विद्यार्थ्यांनी लेथवर एकट्याने काम करू नये. शेजारी जाणकार शिक्षक किंवा कारागीर असावा.

पहिल्या कामासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. २५ मिमी व्यासाचा पितळी गज घ्या. टूलचे टोक जॉबच्या अक्षाच्या उंचीवर आहे का, हे पाहण्यासाठी थांबलेला जॉब आणि टूल यांच्यामध्ये पातळ पोलादी पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे. फेसिंग करताना मध्यभागी बारीक बोंड शिल्लक राहिले तरी उंची चुकली, असे समजावे.

टोक सपाट झाले की टेलस्टॉकमध्ये प्रथम सेंटर ड्रिल आणि मग २ मिमीचे ड्रिल धरून अक्षावर १२ मिमी खोल छिद्र पाडा. जॉब न सोडता लगेच बाहेरचा व्यास २४ मिमी करा. न सोडता, हे महत्त्वाचे. तीन जबड्यांच्या चकमध्ये जॉब काढून पुन्हा बसवला, तर तो पहिल्याच अक्षावर येईल याची खात्री नसते. एका पकडीत केलेली कामे मात्र आपोआप एकाच अक्षावर येतात.

आता गज ६० मिमीपेक्षा किंचित लांब कापून उलटा पकडा आणि शंकू काढा. शंकूची उंची २७ मिमी, त्रिज्या १२ मिमी. म्हणून वरची स्लाइड अक्षाशी २४ अंशांत फिरवावी. टॅन २४ अंश किती, ते कोष्टकात पाहा. ३० मिमी दंडगोल आणि हा शंकू मिळून ओळंब्याचे वजन सुमारे १५० ग्रॅम भरेल. पितळाची घनता ८.५ धरून ते आधी काढा, मग तराजूवर ताडून पाहा. दोऱ्यासाठी वरच्या छिद्राला मिळणारे ४ मिमीचे आडवे छिद्र पाडायचे, ते आरपार पाडावे. एकाच बाजूने पाडले तर गुरुत्वमध्य अक्षावरून सरकेल. दोरा वरून घालून बाजूने बाहेर काढा, गाठ मारा आणि परत आत ओढा. गाठ २ मिमीच्या तोंडाशी अडकते.

उलटे पकडल्यामुळे शंकूचा अक्ष थोडा सरकला असेलच. गवंड्याच्या कामाला तेवढे चालते, पण किती सरकला ते पाहण्यात मौज आहे. ओळंबा उंचावरून टांगा, टोकाखाली आलेखाचा कागद ठेवा आणि दोऱ्याला पीळ देऊन, ओळंबा झुलणार नाही अशा बेताने सोडा. अचूक ओळंब्याचे टोक एका बिंदूवर स्थिर राहून फिरते. चुकलेला असेल तर टोक लहानसे वर्तुळ काढते, आणि त्या वर्तुळाचा व्यास चुकीच्या दुप्पट असतो.