घटक ७ : घरबांधणीची पहिली खर्च-बैठक – पूर्वतयारीचे टिपण

७.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• अंदाज, अंदाजपत्रक आणि करार यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• व्यवहारातील संदिग्ध शब्द ओळखून त्यांच्या जागी नेमके शब्द योजता येतील.
• ठेकेदाराबरोबरच्या पहिल्या बैठकीसाठी मुद्देसूद टिपण तयार करता येईल.

७.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण अर्ज, इतिवृत्त आणि अहवाल या व्यावहारिक लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. या घटकात बैठकीपूर्वीच्या टिपणाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील घरबांधणीचे उदाहरण घेतले आहे.

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. घर बांधताना आयुष्यभराची शिल्लक, उसाचे बिल, सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असे सारे एकाच ठिकाणी गुंतते. असे असूनही ठेकेदाराशी होणारी पहिली बोलणी बहुधा ओसरीवर, चहा घेता घेता, तोंडीच होतात. ‘सगळं व्यवस्थित करून देतो’ या वाक्यावर दोन्ही पक्ष समाधानाने उठतात. या वाक्यातील ‘सगळं’ आणि ‘व्यवस्थित’ या दोन शब्दांचे अर्थ दोघांच्या मनात वेगळे असतात, हे स्लॅब पडल्यानंतर लक्षात येते. तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात. म्हणून भाषेतील नेमकेपणा हा येथे घरखर्चाचाच एक भाग आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ अंदाज, अंदाजपत्रक आणि करार

‘अर्थसंकल्प’ हा शब्द आपण शासनाच्या किंवा संस्थेच्या वार्षिक जमाखर्चासाठी वापरतो. घरासाठी ‘अंदाजपत्रक’ हा शब्द योग्य होय. ‘अंदाज’ म्हणजे अनुभवावरून सांगितलेली ढोबळ रक्कम. ‘अंदाजपत्रक’ म्हणजे प्रत्येक कामाचे परिमाण, दर आणि रक्कम दाखवणारा लेखी तक्ता. ‘करार’ म्हणजे त्या तक्त्याला दोन्ही पक्षांनी दिलेली बंधनकारक संमती. पहिल्या बैठकीत आपणांस अंदाजाकडून अंदाजपत्रकाकडे जावयाचे असते. त्या दिवशी उचल देऊन कराराकडे उडी घेऊ नये.

तोंडी करार कायद्याने अमान्य नसतो. पण तो सिद्ध करणे कठीण असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २९ नुसार, ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार शून्य ठरतो. अधिनियमातच याचे उदाहरण दिले आहे : शंभर टन तेल विकण्याचे ठरले, पण तेल कोणते हे कशावरूनही समजत नसेल, तर तो करार अनिश्चिततेमुळे शून्य होय. ‘चांगली फरशी बसवून देऊ’ हे वाक्य या तेलाच्या जातीचेच आहे.

विक्रीसाठी उभारल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांसाठी २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम आहे. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेले घर त्याच्या कक्षेत येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवा’ या संज्ञेत घरबांधणीचा समावेश आहे. परंतु तेथेही काय ठरले होते हे दाखवावे लागते. म्हणजे स्वतःचे घर बांधणाऱ्याचा मुख्य आधार त्याचा स्वतःचा कागद हाच राहतो.

७.३.२ संदिग्ध शब्दांची किंमत

सर्वांत जास्त फसवा शब्द ‘चौरस फूट’ हा आहे. तो मोजमापाचा असल्याने नेमका वाटतो. पण कोणते क्षेत्र मोजले हे त्यातून कळत नाही. भिंतींच्या आतील वापरावयाची जागा म्हणजे चटई क्षेत्र. भिंतींच्या जाडीसह मोजलेली जागा म्हणजे बांधकाम क्षेत्र. जिना, पडवी, पोर्च आणि सज्जे यांत धरले की नाही, हा पुढचा प्रश्न.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिला ठेकेदार १,७०० रुपये दर सांगतो. दुसरा १,९०० रुपये. पहिला स्वस्त वाटतो. परंतु पहिला पोर्च व जिना धरून १,२०० चौरस फूट मोजतो, म्हणजे २०,४०,००० रुपये होतात. दुसरा त्याच नकाशासाठी पोर्च व जिन्याचे वेगळे पैसे न लावता १,००० चौरस फूट मोजतो, म्हणजे १९,००,००० रुपये होतात. कमी दराचे घर १,४०,००० रुपयांनी महाग पडले. म्हणून दर विचारण्यापूर्वी ‘कशाचा दर?’ हे विचारावे.

‘ठेका’ या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. मजुरी ठेक्यात सिमेंट, सळई, वीट, वाळू घरमालक आणतो; मालासह ठेक्यात ठेकेदार आणतो. दोन्ही दरांची तुलना होऊ शकत नाही. ‘ब्रास’ हे एकक वाळू, खडी, मुरूम यांसाठी १०० घनफूट या अर्थी वापरतात, तर क्षेत्राच्या कामात १०० चौरस फूट या अर्थी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि बोलण्यात गुंठे असतात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ५ आर आणि ५ गुंठे यांत सुमारे ६३ चौरस फुटांचे अंतर पडते. लहान भूखंडावर एवढ्याने एका न्हाणीघराचा प्रश्न सुटतो किंवा अडतो.

७.३.३ माती, पाणी आणि घरातील गरजा

शेजारच्या गावातील घराचा खर्च ऐकून आपल्या घराचा खर्च ठरवता येत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, उदाहरणार्थ भवानीनगर परिसरात, काळी जमीन आढळते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे पाया अधिक खोल न्यावा लागतो किंवा मुरूम भरून त्याची विशेष रचना करावी लागते. सुपे, मोरगाव या बाजूच्या जिरायती पट्ट्यात उथळ, मुरमाड जमीन आढळते. तेथे पायाचे गणित निराळे असते. म्हणून ‘पाया किती खोल धरला आहे आणि माती तशी निघाली नाही तर वाढीव कामाचा दर काय?’ हा प्रश्न टिपणात अग्रभागी हवा.

पाण्याचा प्रश्नही असाच. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे, मिश्र सिमेंट असल्यास किंवा हवा कोरडी-उष्ण असल्यास किमान दहा दिवस मारावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. एप्रिल-मेमध्ये कालव्याचे आवर्तन नसेल व बोअर आटला असेल, तर टँकर कोणाच्या खर्चाने येणार, हे आधीच ठरवलेले बरे.

घरातील प्रत्येकाची गरज बैठकीपूर्वी विचारावी. ओट्याची उंची, मोरीची जागा, धान्याच्या कोठ्या, चूल किंवा बंबाची सोय या गोष्टी स्वयंपाकघरात वावरणाऱ्या व्यक्तीलाच ठाऊक असतात. बैठकीला ती व्यक्ती हजर नसेल, तर या बाबी पुढे ‘जादा काम’ म्हणून बिलात येतात. आलेल्या गरजांची ‘आताच हवे’, ‘शक्य झाल्यास हवे’ आणि ‘पुढे करू’ अशा तीन गटांत विभागणी करावी.

७.३.४ रक्कम, टप्पे आणि भीड

हाताशी असलेली सर्व रक्कम ठेकेदाराला सांगू नये. समजा, २२ लाख रुपये उपलब्ध आहेत. त्यांतून नकाशा, परवानगी, वीजजोडणी, कुंपण, वास्तुशांत असे ठेक्याबाहेरील खर्च आधी वजा करावेत. उरलेल्या रकमेचा सुमारे दहावा भाग राखीव ठेवावा. राहील ती ठेक्याची मर्यादा. ती मात्र स्पष्ट सांगावी. मर्यादा न सांगितल्यास ठेकेदार कोणत्या प्रतीचे घर डोळ्यांसमोर ठेवून बोलत आहे, हे कळत नाही.

हप्ते तारखांशी न जोडता कामाच्या टप्प्यांशी जोडावेत : जोते, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, रंग. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरकुलासाठी ठरलेले १,२०,००० रुपयांचे साहाय्यही कामाच्या प्रगतीनुसार हप्त्यांनी मिळते. बँकाही गृहकर्ज टप्प्याटप्प्याने देतात. ऊसउत्पादक कुटुंबाने आणखी एक गोष्ट पाहावी. उसाचे पैसे अनेकदा हप्त्यांनी येतात, आणि स्लॅबचा हप्ता त्यांची वाट पाहत नाही. कोणता टप्पा कोणत्या पैशातून भागेल, हे टिपणाच्या समासात लिहून ठेवावे.

खरी अडचण भिडेची असते. ठेकेदार बहुधा नात्यातला किंवा भावकीतल्या कुणाच्या ओळखीचा असतो. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटते. ‘भीड ही भिकेची बहीण’ असे आपले पूर्वज म्हणत. तरीही बोलणे रुक्ष असावे असे नाही. “अण्णा, तुमच्या शब्दावर भरवसा आहे म्हणूनच तुमच्याकडे आलो. पण घरात चौघांना दाखवायला कागद लागतो, तेवढा लिहून द्या,” असे म्हटल्याने नातेही राहते आणि कागदही मिळतो. लेखी तपशील ठेकेदाराच्याही हिताचा असतो. घरमालकाने मध्येच खिडकी वाढवली, तर जादा कामाचे पैसे त्याला त्याच कागदावरून मागता येतात.

७.३.५ टिपणाचा नमुना

१. जागा : गट क्रमांक, क्षेत्र, हद्द (नगरपरिषद, गावठाण की शेतजमीन), परवानगीची स्थिती.
२. गरजा : तीन गटांत.
३. ठेक्याची मर्यादा व ठेक्याचा प्रकार : मजुरी की मालासह.
४. मोजमाप : कोणते क्षेत्र, जिना, पोर्च, सज्जे, पाण्याची टाकी, शोषखड्डा समाविष्ट आहेत का.
५. पाया : खोली, मातीचा प्रकार, वाढीव कामाचा दर.
६. साहित्य : सिमेंट, सळई, फरशी, नळ, वायरिंग – प्रत्येकी कंपनी, प्रत आणि कमाल दर.
७. पाणी, वीज, राखण व कर : खर्च कोणाचा.
८. हप्ते व कामाची मुदत; भाव वाढल्यास काय.
९. दुरुस्तीची जबाबदारी : गळती किंवा भेगा आढळल्यास किती काळापर्यंत.

बैठक संपताच प्रत्येक मुद्द्यासमोर मिळालेले उत्तर लिहावे, ठेकेदाराला वाचून दाखवावे आणि तारीख घालावी. जेथे उत्तर मिळाले नाही तेथे ‘बाकी’ असे लिहावे. दुसऱ्या बैठकीची विषयपत्रिका या ‘बाकी’ मुद्द्यांतूनच तयार होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा : परिमाण, दर व रक्कम दाखवणारा लेखी तक्ता म्हणजे (अंदाज / अंदाजपत्रक / करार).
आ) एका वाक्यात उत्तर लिहा : केवळ प्रति चौरस फूट दरावरून दोन ठेकेदारांची तुलना का करता येत नाही?
इ) नेमक्या भाषेत लिहा : ‘नळ चांगल्या कंपनीचे बसवू.’

७.४ सारांश

पहिली बैठक दर ठरवण्यासाठी नसून दोन्ही पक्षांच्या मनातील शब्दांचे अर्थ एक करण्यासाठी असते. क्षेत्र, ठेका, प्रत, पाया आणि हप्ते हे शब्द मोजता येतील अशा रीतीने लिहिले, तरच पुढे अंदाजपत्रकांची तुलना करता येते आणि वाद झाल्यास आधार मिळतो. सौजन्य आणि नेमकेपणा यांत विरोध नाही.

७.५ पारिभाषिक शब्द

जोते : पायावरील, घराची जमीन जेथून सुरू होते ती उंची.
गिलावा : भिंतीवरील सिमेंट-वाळूचा थर.
उचल : कामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम.
आवर्तन : कालव्यातून ठरावीक काळासाठी सोडलेले पाणी.

७.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) अंदाजपत्रक.
आ) प्रत्येकाने मोजलेले क्षेत्र आणि ठेक्याचा प्रकार वेगळा असू शकतो, म्हणून.
इ) नमुना उत्तर : ‘ठरलेल्या कंपनीचे, प्रतिनग अमुक रुपयांपर्यंतचे, एकूण बारा नळ बसवण्यात येतील, त्याहून महाग नळ निवडल्यास फरक घरमालक देईल.’

७.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘व्यवहारातील संदिग्धता’ या विषयावर तुमच्या परिसरातील तीन उदाहरणे देऊन टीप लिहा.
२. तुमच्या गावातील एखाद्या गवंड्याशी बोलून बांधकामातील वीस शब्द जमवा. त्यांतील मराठी वळणाचे, ‘फरशी’, ‘दरवाजा’ यांसारखे अरबी-फारसीतून आलेले आणि ‘स्लॅब’, ‘सेंटरिंग’ यांसारखे इंग्रजीतून आलेले शब्द वेगळे करा.
३. स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या नियोजित घरासाठी वरील नमुन्यानुसार टिपण तयार करा आणि ते घरातील सर्वांना वाचून दाखवा. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने नोंदवा.