लाट दिसते त्याहून जवळ असते

लालबाग, मुंबई
आषाढ

चि. भाच्यास,


पत्र लिहिण्यास कारण, परवा ताईचा फोन आला. गिरगावात तुमच्या वाडीतल्या कुणीतरी तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मरीन ड्राइव्हचा कठडा ओलांडून तू टेट्रापॉडवर उतरला आहेस, डोळा कॅमेऱ्याला लावलेला आणि समोर खवळलेला समुद्र. ताईने जाब विचारला तर म्हणालास, "लेन्स वाइड आहे, जवळ गेल्याशिवाय फोटो येत नाही." आणि वर, पहिल्या पगारात फिशआय घेऊ की अल्ट्रावाइड, ते मामाला विचारून ठेव, असंही सांगितलंस. मामाला त्या रात्री जेवण गेलं नाही. फोन केला असता तर आवाज चढला असता, म्हणून पत्र.

आधी टेट्रापॉडचं. ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे लाटेचा जोर मोडण्यासाठी टाकलेले आहेत, माणसाने उभं राहण्यासाठी नाहीत. त्यांच्यामध्ये मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, कारण पाणी त्या पोकळीत शिरलं की त्याची ताकद विखुरते. म्हणजे लाट फक्त समोरून येत नाही, पायाखालूनही येते. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरून माणूस फटीत अडकला की त्याला वर काढायला फायर ब्रिगेडला यावं लागतं. हे सगळं तू लहानपणापासून पाहत आला आहेस, तरी उतरलास!

तुझ्या वयात भीती कमी असते हे मामा जाणतो. पण इथे गोष्ट नुसत्या धाडसाची नाही, लेन्सची आहे. तुझा कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा. त्यावर साधारण ३५ मिलिमीटरची लेन्स जग आपल्या डोळ्यांना वाटतं तेवढ्या अंतरावर दाखवते. १० मिलिमीटरची लावलीस की तीच वस्तू साडेतीनपट लहान दिसते. १० फुटांवर फुटणारी लाट व्ह्यूफाइंडरमध्ये ३५ फुटांवर असल्यासारखी वाटते. मग फोटोग्राफर आणखी एक पाऊल पुढे टाकतो. ताईला हे कळणार नाही, तिला फक्त मुलगा समुद्रात उतरलेला दिसला. मामाला कळतं, म्हणून त्याची भीती तिच्याहून मोठी आहे.

आता तुझा प्रश्न. फिशआयची कल्पना लँडस्केपसाठी जन्मलीच नव्हती. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०६ साली विचार केला की पाण्याखालच्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल, आणि ते पाहायला त्याने पाण्याने भरलेला कॅमेरा केला. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश माशाला सुमारे ९७ अंशांच्या गोलात गोळा झालेलं दिसतं. पुढे १९२४च्या सुमारास केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी अख्खं आकाश एका फोटोत घेणारी लेन्स तयार केली, ढगांच्या अभ्यासासाठी. बारावीला प्रकाशसंश्लेषणात 'हिल अभिक्रिया' पाठ केलीस ना, तेच हे हिल. म्हणजे ही मुळात वर पाहणारी लेन्स.

दोन्ही लेन्स मोठं दृश्य घेतात, पण हिशोब वेगळा. अल्ट्रावाइड सरळ रेषा सरळ ठेवते आणि त्याची किंमत कडेला वसूल करते. १० मिलिमीटरला फ्रेमच्या उजव्या-डाव्या टोकाला उभा केलेला मित्र घेऊन बघ, त्याचं डोकं उंचीच्या मानाने दीडपट रुंद येईल. फिशआय कडेच्या वस्तूचा आकार बऱ्यापैकी सांभाळते आणि किंमत रेषांकडून घेते. सरळ रेषा राखून १८० अंशांचं दृश्य एका सपाट चित्रात बसवणं गणितातच बसत नाही, म्हणून कोणतीही कंपनी दोन्ही एकत्र देऊ शकणार नाही.

फिशआयमध्ये फक्त फ्रेमच्या मधोमध जाणारी रेष सरळ राहते. गिरगाव चौपाटीवर उभा राहून क्षितिज अगदी मध्यावर ठेवलंस तर समुद्र सपाट येईल. कॅमेरा जरा खाली झुकवला की क्षितिज मध्ये फुगतं, वर उचलला की मध्ये खचतं. आकाश जास्त हवं की वाळू जास्त हवी, हे ठरवण्याची मोकळीक लँडस्केपवाल्याला लागते. फिशआय तीच काढून घेते.

मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातून दिसणारा मरीन ड्राइव्ह आठव. लहानपणी तिथल्या म्हातारीच्या बुटापेक्षा तुला बागेचा कठडाच आवडायचा. त्या रस्त्याचं सगळं सौंदर्य त्याच्या कमानीत आहे, नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत समुद्राला धरून गेलेल्या त्या एका वळणात. मुळातच वळलेल्या किनाऱ्यावर लेन्सचं वळण चढवलं तर खरं कुठलं आणि भिंगाचं कुठलं, पाहणाऱ्याला कळायचं कसं? फिशआयने काढून तू ताईला पाठवलेल्या फोटोत नेमकं तेच झालं आहे. क्षितिज वाकलंय, रस्ता वाकलाय, समोरच्या आर्ट डेको इमारतीही वाकल्यात. त्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांच्या गॅलऱ्यांच्या मुद्दाम गोल केलेल्या कोपऱ्यांना आजूबाजूच्या सरळ रेषांमुळेच उठाव येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचंही तसंच. तो कडा स्वतःच आत वळलेला आहे, त्याला भिंगाच्या मदतीची गरज नाही.

दादरच्या चौपाटीवरून सी लिंक घेऊन बघ. २००९ साली तो पूल सुरू झाला तेव्हा मामा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचा. खांबापासून निघालेल्या त्या ताणलेल्या केबल्स, त्यांच्यावर पुलाचा भार आहे. फिशआयने त्या वाकवल्या की भार पेलणारा ताणच चित्रातून निघून जातो.

तेव्हा घ्यायचीच तर अल्ट्रावाइड घे. तुझ्या कॅमेऱ्याला १०-२० च्या आसपासची झूम योग्य. फुल फ्रेमसाठी बनवलेली १५ मिलिमीटरची फिशआय स्वस्तात मिळते म्हणून उचलू नकोस. तुझ्या लहान सेन्सरवर तिचा घेर कापला जातो, वाकडेपणा तेवढा उरतो. १० मिलिमीटरला आडवा घेर जवळजवळ ९९ अंशांचा मिळतो. इंद्रधनुष्याची पूर्ण कमान ८४ अंशांची असते, तीही त्यात मावते. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेव, नाहीतर चाळी मागे पडल्यासारख्या दिसतात. पोलरायझर लावताना जप, एवढ्या मोठ्या आकाशात निळा रंग एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका येतो.

आणि एक गोष्ट नीट समजून घे. अल्ट्रावाइड सगळं मावावं म्हणून नसते. तशी वापरलीस तर मलबार हिल एक बारीक काळी पट्टी होते, बाकी सगळं रिकामं पाणी. तिला पायाजवळचं काहीतरी लागतं, मोठं, ठसठशीत, ज्याच्या आधाराने मागचं दूरचं जग खोल वाटेल. इथवर तुझं म्हणणं बरोबर आहे, जवळ जावं लागतं. पण जवळ जाण्याची वस्तू तू निवडायची असते. पावसाने धुतलेल्या फुटपाथवरच्या डबक्यापाशी कॅमेरा जमिनीला टेकव, त्यात सगळ्या दिव्यांची माळ उतरते. चौपाटीवर ओहोटीला ओल्या वाळूत पाण्याने कोरलेल्या नक्षीपाशी बस. टेट्रापॉडच हवा असेल तर कठड्याच्या आत उभं राहून लांब लेन्सने घे. त्यावर उतरायचं नाही.

तुझे आजोबा आठवतात? त्यांचा तो दोन डोळ्यांचा यशिका अजून मामाकडे माळ्यावर आहे. एका रोलमध्ये १२ फोटो. पोटाशी धरून वरून काचेत बघायचे, फोकस लावायचे आणि बटण दाबण्याआधी दर वेळी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी एकदा समोर पाहायचे. मामाला तेव्हा वाटायचं, म्हातारपणामुळे. आता कळतं, काचेत दिसतं ते आणि असतं ते, दोन्हीचा मेळ घालत होते.

मामा मात्र त्यांच्याकडून ते शिकला नाही. परळला राहत असताना त्याच्या हातात ५० मिलिमीटरची लेन्स होती आणि फोर्टातल्या एका दुकानाच्या काचेमागे २४ ची. गिरणीचा दरवाजा, चिमणी, शिफ्ट सुटल्यावर रस्ता भरून येणारी माणसं, हे सगळं ५० मध्ये मावत नाही म्हणून तो पैसे साठवत बसला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला, माणसं गावाला गेली, पुढे गिरणीच्या जागी टॉवर आला. २४ आली तेव्हा समोर घ्यायला काही नव्हतं. आजोबा उभी हयात ज्या दरवाजातून आत गेले, त्याचा एकही फोटो आपल्या घरात नाही. ५० ने निदान आजोबा तरी आले असते, हातात डबा घेऊन, दरवाजासमोर. हे ताईला कधी सांगितलं नाही, तुला सांगतो आहे.

त्यामुळे लेन्स घेऊ नकोस असं मामा म्हणणार नाही. वरचं सगळं वाचून फिशआय वाईट असं मनात धरू नकोस. तिची जागा आहे. तुमच्या वाडीतल्या जुन्या चाळीच्या चौकात मधोमध उभा राहा आणि कॅमेरा सरळ आभाळाकडे धर. चारही बाजूंच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, कठड्यावर कोपरं टेकून खाली बघणाऱ्या आज्या, आणि मध्ये आभाळाचा तुकडा, हे सगळं एका फ्रेममध्ये फिशआयच आणेल. अल्ट्रावाइडमध्ये कडेच्या आज्या ओढून ताणल्यासारख्या येतील. गावाकडे अमावास्येच्या रात्री अख्खं आकाश हवं असेल तरीही फिशआयच. वरळीच्या नेहरू तारांगणात घुमटभर आकाश बघताना तू मामाचा हात घट्ट धरला होतास. घुमटासाठीची चित्रं तशाच गोल घेरात तयार करतात. पण अशी कामं वर्षातून किती येणार? तेवढ्यापुरती भाड्याने आण. बोरा बाजारात चौकशी कर, किंवा मामा बरोबर येईल.

पत्र लांबलं. रागाने सुरू केलं होतं, पण लिहिता लिहिता तुझे फोटो पुन्हा काढून पाहिले. त्या वाकलेल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक शेंगदाणेवाला आहे, पावसात कंदिलावर हात धरून बसलेला. तो तू पाहिलास, हे मामाला फार आवडलं. असा डोळा सगळ्यांना मिळत नाही. तो नीट राहावा, त्याच्यामागचा मुलगा नीट राहावा, एवढीच ताईची आणि मामाची काळजी.

महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर करते. तो कागद मामाने दोन प्रतींत काढून घेतला आहे, एक या पाकिटात आहे. पुनव आणि अवसेच्या आसपासचं उधाण लाल पेनाने खुणावलं आहे. त्या दिवशी चौपाटीवर जाऊ नकोस, चाळीत फोटो काढ. बाकी दिवशी जायचं असेल तर फोन कर, मामा छत्री घेऊन कठड्याच्या आत उभा राहील, तुझ्या कामात बोलणार नाही.

पगार झाला की ताईला घेऊन लालबागला ये. मामी तुझ्यासाठी चिवडा आणून ठेवणार आहे. लेन्सला पैसे कमी पडत असतील तर संकोच करू नकोस, उरलेले मामा घालेल.

तुझा,
मामा